माळ्यावरची जळमटं

मी आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घातलेला नाही, आणि ब्रसेल्स शहरातले व त्याच्या आसपासचे आंबट बियरचे आठ कारखाने मी तळघरापासून माळ्यापर्यंत आतून पाहिलेले आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमच्या गावात त्या एकत्र कुणाला पटत नाहीत. न पटोत. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. मराठी तिसरीपर्यंत शिकलो, तेवढ्यावर लिहितो आहे. अक्षर वेडंवाकडं असेल, हकीकत सरळ आहे.

आमचं गाव तापीच्या काठी, प्रकाशा तीर्थाच्या खालच्या अंगाला. आम्ही गुजर. चातुर्मासात आमच्याकडे कांदासुद्धा चुलीवर चढत नाही, मग दारूचं काय बोलायचं. विशी ओलांडली तेव्हा कोणता बैल जुवाच्या कोणत्या बाजूला जुंपायचा यावरून वडिलांशी माझं वाजलं. माझं बरोबर होतं. वडील ऐकेनात, म्हणून मी चालत धुळ्याला गेलो आणि पलटणीत खेचरं हाकायला नाव दिलं. रांगेत माझ्या पुढे तळोद्याच्या वरच्या डोंगरातला एक भिल्ल गडी उभा होता. त्या दिवसापासून पहिली जर्मन लढाई संपेपर्यंत त्याची खेचरं आणि माझी खेचरं शेजारी शेजारी बांधली गेली. तो मला ‘पाटील’ म्हणायचा. आमच्या घरात पाटीलकी कधी नव्हती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

लढाई थांबली त्या हिवाळ्यात आमच्या तुकडीला ब्रसेल्सच्या कडेला आणून ठेवलं. गावातले घोडे जर्मनांनी नेलेले, त्यामुळे तबेले रिकामे पडले होते. आम्हा दोघांच्या वाट्याला आठ खेचरं आणि एका बियरच्या कारखान्याचा तबेला आला. कारखाना म्हणजे काय, आपल्याकडच्या चांगल्या खळ्याएवढं आवार, खाली पिंपांचं तळघर, वर कौलाचा माळा. मालकीण साठीच्या पुढची विधवा. रुंद बांधा, काळा झगा, पायात लाकडी बूट. आम्ही तिला मावशी म्हणू लागलो. तिचा भाऊ तिच्याजवळच राहायचा, तो अर्थातच मामा. मामानं तरुणपणी आगबोटीवर कोळसा ओढला होता आणि दोन वर्षं मुंबईच्या गोदीत काढली होती. तिथं तो हिंदुस्थानी शिकला. त्याच्या हिंदुस्थानीत शिव्या तेवढ्या शुद्ध होत्या.

मावशी रोज सकाळी उकडलेले बटाटे, पाव आणि दूध आणून द्यायची. मी मांस खात नाही हे मामानं तिला सांगितलं, तेव्हा तिनं मला आजारी समजून माझं दूध दुप्पट केलं. असं महिनाभर चाललं. फुकट खाणं मला सहन होत नाही. आणि मनात दुसरंही एक टोचत होतं. त्या वर्षीची आमची दिवाळी चिखलात, रस्त्यावर, खेचरांच्या शेपट्यांमागे गेली होती. ना घर झाडलं, ना भिंतीला हात लागला. मी ठरवलं, आपलं घर नाही तर हे घर. मावशीची दिवाळी करायची. महिना माघाचा होता, असू दे.

सगळ्यात घाण जागा शोधली. ती माळ्यावर होती. मधोमध लोखंडाची उथळ परात, बैलगाडी आत उभी राहील एवढी. भिंतींत झडपा. आणि वर कौलांपासून वाशांपर्यंत जळमटं अशी लोंबत होती, जणू कुणी काळ्या गोधड्या वाळत घातल्यात. लढाईत बिचारीला झाडायला माणूस मिळाला नसणार, असा मी हिशेब केला.

मावशी आणि मामा दूरच्या गिरणीवर धान्य आणायला गेले होते. मी बांबूला झाडू बांधत होतो, तेव्हा माझा सोबती खाली खेचराचा खूर साफ करत होता.

“काय करी ऱ्हायना तू?”

“माळा झाडस.”

“पाटील, बाईले इचारी ले.”

“घर झाडाले कोन इचारस?”

“दुसराना घरमा इचारतस,” तो म्हणाला आणि पुन्हा खुराकडे वळला.

मी विचारलं नाही. सकाळपासून दुपारपर्यंत झाडलं. तीन पोती जळमटं निघाली, ती अंगणातल्या बर्फात रिकामी केली. कोपऱ्यात चुना होता, तो भिजवून भिंतींना आणि वाशांना दोन हात दिले. चुना उरला, म्हणून उंबऱ्यावर रांगोळी काढली. पत्र्याच्या झाकणात तेल घालून दोन दिवेही लावले. माळा असा उजळला की मी स्वतः दारात उभा राहून बराच वेळ बघत राहिलो.

ती दोघं आली. मी मावशीला हाताने खूण करून वर नेलं. ती दारात थांबली. रांगोळीकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. पदराऐवजी त्यांच्याकडे पुढे बांधलेलं फडकं असतं, ते तिनं तोंडाला लावलं. मला वाटलं, आनंदानं.

मामा पुढे झाला. “ए खच्चरवाला! मकडी किधर?”

“बाहर फेंका,” मी छाती काढून म्हणालो. “सब साफ. एक भी नहीं छोडा.”

मामानं मुंबईच्या गोदीतलं जेवढं आठवलं तेवढं मला ऐकवलं. ते मी लिहीत नाही. मग दम घेऊन सांगितलं, ते असं: “इधर बियर में कुछ नहीं डालता. जव, गेहूं, सूखा फूल, पानी. गरम करता, इस परात में डालता, खिडकी खोलता. बस. हवा आता, लकडी से आता, धूल से आता, वो बियर को पकडता. मीठा का मक्खी आता, मकडी वो मक्खी खाता. सौ साल इधर झाडू नहीं आया. इसका बाप नहीं मारा. इसका दादा नहीं मारा. तुम मारा!”

दुधाला विरजण लागतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. या लोकांचं विरजण भांड्यात नसतं, घरात असतं, एवढाच फरक. आणि शंभर वर्षांचं ते विरजण मी बर्फात ओतून वरून चुना फासला होता.

पुढचं त्याहून वाईट होतं. लढाईच्या चार वर्षांत मावशीला धड जव मिळाले नव्हते. तळघरात भरलेलं असं एकच जुनं पिंप उरलं होतं. त्या दिवशी आणलेलं धान्य एका घाण्यापुरतं होतं. थंडी सरायच्या आत, आठ-दहा दिवसांत, ते शिजवायला हवं होतं. तो घाणा धरला, म्हणजे नीट आंबला, तर कारखाना पुन्हा उभा राहणार. नाही धरला तर मावशी कुलूप लावून दूरच्या भाचीकडे राहायला जाणार होती.

खाली माझा सोबती उभा होता. “बाई कसाले रडी ऱ्हायनी?”

मी सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “आमनाकडे मोहानी दारूना मडका कोनी घासस नई. जुना मडकामा जीव ऱ्हास.”

“मंग आधी का नई सांगं?”

“तू मडका घासस असं नई म्हने. माळा झाडस म्हने.”

माफी मागणं मला जमत नाही, अजून जमत नाही. मी मावशीसमोर उभा राहिलो आणि मामाला म्हणालो, “इसको बोलो, मैं वापस लाता.”

“क्या लाता?”

“मकडी.”

मामानं माझ्याकडे पाहिलं, मावशीला सांगितलं. तिनं फडक्याआडून एक डोळा काढून मला बघितलं आणि डोळा परत आत घेतला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारचं खेचरांचं काम उरकलं की आम्ही तिघं निघायचो. पुढे मामा, मागे मी सिगारेटचे रिकामे पत्र्याचे डबे घेऊन, त्यामागे माझा सोबती.

पहिला कारखाना दोन गल्ल्या पलीकडे, कालव्याच्या काठी. त्याचा मालक पिंपासारखाच आडवा आणि मावशीशी अबोला धरलेला. मामानं हकीकत सांगितली. तो हसत हसत मागे सरकला आणि पायरीवर बसला. मग डोळे पुसून म्हणाला, कोळी देतो, पण माझ्या दारात आलेला माणूस माझी बियर चाखल्याशिवाय माझ्या वस्तूला हात लावत नाही. मी मान हलवली. मी पीत नाही. मामा म्हणाला, “थोडा.” मी म्हणालो, “थोडा भी नहीं.” मालकाचा चेहरा उतरला. शेवटी माझ्या सोबत्यानं पेला हातात घेतला आणि आधी चार थेंब जमिनीवर सोडले. डोंगरात तसाच रिवाज. धरतीला दिल्याशिवाय आपण प्यायचं नाही.

मालक लालबुंद झाला. त्याला वाटलं, माझी बियर यानं ओतून टाकली. मामा घाईघाईनं हात नाचवत बोलू लागला. जमिनीकडे बोट, वर बोट, पुन्हा जमिनीकडे बोट. मालक जरा थांबला, त्यानं स्वतःच्या पेल्यातलेही चार थेंब खाली सोडले आणि मोठ्यानं काहीतरी म्हणाला. मग माझ्या सोबत्यानं एक घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले.

“दोन वरीसनी शे,” तो म्हणाला. “पन पिंपले एक फळी नवी लायेल शे.”

मी हिंदुस्थानीत मामाला सांगितलं, मामानं त्यांच्या भाषेत मालकाला. मालकाचं हसू गेलं. पिंपाची एक फळी त्यानं आदल्या वर्षी बदलली होती.

तिथून पुढे आमच्या आधी आमची बातमी पोहोचू लागली. प्रत्येक कारखान्यात माझ्या सोबत्याला खुर्ची, पेला, आणि भोवती सगळे गप्प उभे, हा आता काय बोलतो म्हणून. मला मात्र शिडी दाखवायचे. मी काही त्याच्यापेक्षा कमी सांगितलं नसतं. वासावरून मलाही कळत होतं. ओलं खोगीर, तीन दिवसांचं ताक आणि कैरीची फोड एकत्र केल्यासारखा तो वास. एका ठिकाणी मी तसं सांगितलंही. मामानं ते पुढे सांगितलंच नाही.

कोळी पकडणं अवघड नव्हतं. थंडीनं ते आखडून पिंपांच्या मागे, वाशांच्या फटींत बसलेले. कापूस वेचलेल्या हाताला बोंडातून कापूस काढावा तसं बोटाच्या टोकानं उचलायचं, पाय मोडू द्यायचे नाहीत. डब्यात थोडं गवत, झाकणाला भोकं. त्यांचं जाळंही काडीवर गुंडाळून घ्यायचो. चौथ्या कारखान्यात लाल चेरी घातलेली पिंपं होती. तिथल्या मालकिणीला मामानं घाईत अर्धंच सांगितलं असावं. तिला एवढंच कळलं की हा हिंदू मांस खात नाही, दारू पीत नाही, याला कोळी हवे आहेत. तिनं पांढऱ्या बशीत सात कोळी घालून आणले, शेजारी काटा-चमचा आणि घडी घातलेला रुमाल. बिचारी माझ्यापुढे उभी राहून, कसे लागतात ते सांगेन म्हणून वाट बघत होती.

माझा सोबती म्हणाला, “पाटील, जेव. बाईनं मन दुखाडू नको.”

मी बशी तशीच डब्यात उपडी केली आणि तिला हात जोडले. मी ते घरी नेऊन खाणार असं तिला वाटलं असेल. वाटू दे.

पाचव्या कारखान्याहून आम्ही ट्रामनं परत येत होतो. डबे मी कोटाच्या आत, पोटाशी धरले होते, कोळ्यांना थंडी बाधू नये म्हणून. ही माझी काळजी अंगाशी आली. उबेनं कोळी जागे झाले. एका डब्याचं झाकण सैल होतं. आधी माझ्या मानेवर गुदगुली झाली. मग समोरच्या बाईनं किंकाळी फोडली. मग सगळ्या ट्रामनं फोडली. कंडक्टरनं घंटा ओढली, ट्राम थांबली, माणसं एकमेकांवर पडली. त्या गोंधळात माझा सोबती शांतपणे एका म्हाताऱ्या साहेबाच्या टोपीवरून कोळी उचलत होता. एक उचलला, साहेबाला मान लववून सलाम केला, दुसरा उचलला, पुन्हा सलाम. साहेबही उठून उभा राहिला आणि त्यानं उलट सलाम केला. कंडक्टरनं आम्हाला तिथंच उतरवलं. उरलेली वाट बर्फातून तुडवली. मामा वाटभर मधून मधून थांबून आकाशाकडे बघून हसायचा.

सातवा कारखाना शहराबाहेर, एका ओढ्याच्या काठच्या खेड्यात. मालक फार म्हातारा, माझ्या आजच्या वयाचा असेल. तिथं मला वीस कोळी एका फटीत मिळाले. मी शिडीवरून उतरलो, तर खाली माझा सोबती आणि तो म्हातारा एकमेकांची भाषा येत नसताना गप्पा मारत होते. म्हातारा भिंतीवर हात घासून दाखवायचा, हा मान डोलवायचा. हा हातानं मडक्याचा आकार करायचा, म्हातारा मान डोलवायचा. शेवटी म्हाताऱ्यानं आपल्या माळ्याच्या चार जुन्या, काळ्या फळ्या उपटून दिल्या.

“ह्या कसाले?” मी विचारलं.

“त्या घरना जीव यामा शे. माळामा ठोकूत. आन बाईनी जुनी बियर भीतले घासूत.”

“आपुन कोळी लेवाले येल शेत. फळ्या लेवाले नई.”

“तुन्हा कोळी तू ले,” तो म्हणाला आणि चारही फळ्या एकट्यानं खांद्यावर घेतल्या. सहा मैल त्यानं त्या वाहिल्या. मी एकदाही हात लावला नाही. माझं म्हणणं वेगळं होतं.

मग दोन दिवस मी माळ्यावर चुना खरवडत होतो. लावायला अर्धा दिवस लागला होता. बोटांची सालं गेली. खरवडून झाल्यावर मी डबे उघडले आणि कोळी कोपऱ्याकोपऱ्यात सोडले. मोजून एकसष्ट. ट्राममध्ये गेले ते वेगळे. माझ्या सोबत्यानं फळ्या ठोकल्या आणि मावशीच्या शेवटच्या जुन्या पिंपातली बियर चिंधीनं भिंतींना घासली. मावशी दारात उभी राहून हे सगळं बघायची. झाडू तिनं आपल्या खोलीत कुलपात ठेवला होता.

घाणा शिजला. पांढऱ्या वाफेनं सगळं आवार भरलं. परातीत ओतून झडपा उघडल्या, दुसऱ्या दिवशी तो रस पिंपांत भरला. आता पिंपाच्या तोंडातून फेस वर यायला हवा होता. मामा म्हणाला, तीन दिवस, पाच दिवस, कधी सात.

तीन दिवस झाले. पाच झाले. मी सकाळ-संध्याकाळ तळघरात जाऊन पिंपाला कान लावायचो. पिंप मुकं. मावशी दूध अजून देत होती, पण भांडं आपटून ठेवायची. सहाव्या दिवशी आम्हाला हुकूम आला, दोन दिवसांनी बंदराकडे कूच. सातवा दिवस गेला. मी माझ्या सोबत्याला म्हणालो, “तुन्हा फळ्यास्नी बिघाडं. कोळीस्ले त्यान्हा वास सहन व्हयना नई.” तो म्हणाला, “कोळी गावभर पळी गयात. फळ्या जागावर शेत.” त्या रात्री आम्ही एकमेकांकडे पाठ करून झोपलो.

निघायच्या सकाळी आम्ही खेचरांवर खोगिरं चढवत होतो. मावशी बाहेर आली नव्हती. मी पट्टा आवळत होतो, इतक्यात मामा एका पायात बूट आणि दुसरा पाय तसाच, बर्फातून उड्या मारत आला.

“बोलता है! पिंप बोलता है!”

खेचरं तशीच सोडून आम्ही खाली धावलो. पहिल्या पिंपाच्या तोंडातून तपकिरी फेस फसफसत बाहेर येऊन कडेनं ओघळत होता. दुसऱ्याच्या आत बुडबुड चालली होती. मावशी गुडघ्यांवर बसली होती. तिनं फेसात बोट बुडवून जिभेला लावलं. उठली, ओल्या हातांनी माझं तोंड दोन्ही बाजूंनी धरलं आणि मान गदागदा हलवली. मिशांना फेस लागला. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते, हे इथं नमूद करतो. मग ती माझ्या सोबत्याकडे वळली, त्याचंही तोंड तसंच हलवलं, आणि काहीतरी लांबलचक बोलली.

“क्या बोली?” मी मामाला विचारलं. माझ्या कोळ्यांचं नाव तिच्या तोंडून मला ऐकायचं होतं.

मामा म्हणाला, “बोलती, हवा आया. नाला का तरफ से हवा आया. खिडकी खुला था, इसलिए आया.”

“और मकडी?”

मामानं विचारलं. मावशीनं हात झटकला.

“और फळी?” माझ्या सोबत्यानं मागून विचारलं. मावशीनं पुन्हा हात झटकला, आणि आम्हाला दूध आणायला वर गेली. या खेपेला भांडं आपटलं नाही.

बंदरापर्यंत आणि पुढे आगबोटीवर पूर्ण एक महिना आम्ही भांडलो. घरी आल्यावरही थांबलो नाही. तळोद्याचा बाजार असला की तो डोंगरातून खाली उतरायचा, मी नदी ओलांडून जायचो. गर्दीत लांबून दिसलो की तो डोक्यावरचं ओझं तसंच ठेवून ओरडायचा, “पाटील, फळी!” मी इकडून ओरडायचो, “कोळी!” भोवतालची माणसं आम्हाला वेडे समजायची. असं चाळीस वर्षांच्या वर चाललं. आता तो थकला आहे, बाजाराला त्याचा मुलगा येतो, आणि बापाचा निरोप म्हणून तेवढाच एक शब्द मला सांगून जातो. मीही त्याच्याबरोबर माझा पाठवतो.

मावशीचं घर होतं, तिनं काय म्हणायचं ते म्हणावं. पण मी एवढंच विचारतो. खिडकी तर मी झाडलं त्या दिवशीही उघडीच होती, हवाही तीच होती. मग ती बाई पायरीवर बसून रडली कशाला?